दोन थापांच्या पुढचे

पखवाज न्यायला आलेला माणूस दुकानाच्या फळीवर टेकतो, पखवाज मांडीवर आडवा घेतो, उजव्या पंजाने चामड्यावरच्या काळ्या शाईवर एक मोकळी थाप देतो आणि मान किंचित कलती करून तिचा नाद विरेपर्यंत थांबतो. मग चामड्याच्या कडेच्या गुंफलेल्या गजऱ्यावरून बोट फिरवतो, पखवाज थोडा वळवून दुसरी थाप देतो, 'बरो बोलता' एवढेच म्हणतो आणि पैशांचे बोलणे सुरू होते. पेटी न्यायला आलेला भाता दोनदा हलवून सा ते सा चढतो आणि उतरतो. सनईवाला पत्ती ओठांत भिजवून एक लांब सूर लावतो. झांज घेणारा तर एकदाच वाजवतो, कारण काशाचा गुण एका आघातात कळतो. वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेतल्या त्या कौलारू दुकानात मी वयाच्या सातव्या वर्षापासून हे पाहत आले आहे, आणि एवढ्या वर्षांत तिथे एकही गाणे पूर्ण झालेले मी ऐकले नव्हते. गेल्या माघातल्या एका रविवारी ते घडले, म्हणून हे लिहिते आहे.

दुकान म्हणजे पुढे दोन गाळ्यांएवढी जागा, मागे कामाची पडवी आणि पडवीमागे शेणाने सारवलेले मोठे खळे. पुढच्या काचेच्या कपाटांत आता गिटार, कीबोर्ड आणि इलेक्ट्रॉनिक तानपुरे मांडलेले असतात आणि दुकानाचा रोजचा खर्च बहुतेक त्यांच्यावरच निघतो. पडवीत मात्र जुने सगळे चालू आहे. भिंतीला टेकवलेली फणसाची आणि खैराची खोडे, चामड्याच्या वादीची वेटोळी, वादी ताणायच्या लाकडी गट्ट्यांची टोपली, लहान हातोडी, शाई घोटण्याचा गुळगुळीत काळा दगड, आणि या सगळ्यांच्या मध्ये एका पाटावर बसलेले आबा. दुकानाचे मालक तेच आणि कारागीरही तेच. तानपुरे मिरजेहून येतात. मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आबांनी त्या बातमीचे कात्रण कपाटाच्या काचेवर चिकटवले, आणि ते अजून तिथे आहे. पखवाज-तबल्याच्या पुड्या, म्हणजे तोंडावरची शाई भरलेली चामडी, ते बाहेरून आणत असत, पण गेली काही वर्षे शाई स्वतःच भरतात, कारण तयार पुडी आमच्या हवेत टिकत नाही, असे त्यांचे म्हणणे.

या हवेचे सांगितल्याशिवाय आबांचे काम कळायचे नाही. कोकण किनाऱ्यावर वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत चामडे हवेतला ओलावा पिते, पुडी सैलावते, पखवाज उतरतो. पेटीतल्या पितळी रीडवर हिरवट चढ येतो, भात्याच्या कातड्याला बुरशी धरते, पट्ट्यांखालच्या लोकरी कापडाला कसर लागते. समुद्र जवळ असल्यामुळे तारांना आणि खिळ्यांना तर बारा महिने मीठ खात असते. आणि नेमक्या याच दिवसांत, भाद्रपदाच्या तोंडावर, सबंध तालुक्याला वाद्ये हवी असतात. घरोघर गणपती बसायचा, मुंबईहून चाकरमानी यायचे, वाडीवाडीचे भजनी मंडळ रात्री घरोघर फिरायचे. तेव्हा अशा दमट पंधरवड्यातच कोकण सगळ्यांत जास्त वाजवते. श्रावणात आबांच्या पडवीत पाय ठेवायला जागा नसते. चतुर्थी सरते तोवर नवरात्र येते, कार्तिकापासून देवळांच्या जत्रा आणि त्यांबरोबर दशावताराचे दहीकाले सुरू होतात, आणि मग शिमग्याचे ढोल येऊन पडतात. ज्या रात्री बाकीचे गाव ऐकायला जाते, त्या प्रत्येक रात्री आबा दिव्याखाली वादी ओढत बसलेले असतात. दुकानातून गेलेले वाद्य त्यांच्याकडे परत येते ते बिघडल्यावरच.

हे मी इतकी वर्षे पाहत होते आणि त्याचा अर्थ मला लागलेला नव्हता. तो लागला बाबांच्या पेटीमुळे.

बाबा आमच्या वाडीच्या भजनी मंडळात तीस वर्षे पेटी वाजवत होते. ते आजारी असताना आम्ही ती पेटी एका मोठ्या शहरातल्या दुकानात दुरुस्तीला दिली, कारण त्या काळात आमच्या सगळ्या फेऱ्या तिकडच्याच होत्या. तिथे भात्याचे जुने मऊ कातडे काढून त्याजागी जाड रेक्झिन चिकटवले गेले. पेटी परत आली ती दम लागलेल्या माणसासारखी. भाता पुरता उघडेचना. बाबांनी एकदा वाजवून पाहिली, झाकण लावले आणि पुन्हा ती मागितली नाही. ही गोष्ट माझ्या मनाला अजून लागून आहे. ते गेल्यानंतरच्या दुसऱ्या श्रावणात मी पेटी आबांकडे घेऊन गेले, तेव्हा भात्याबरोबर मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवतही बंद पडला होता.

आबांनी रेक्झिन सोलून काढले, त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मग वरची फळी उघडून धैवताची रीड स्क्रू सैल करून बाहेर घेतली आणि दिव्यासमोर धरली. पितळेच्या पट्टीत एक लांबट फट कोरलेली असते आणि तिच्यावर तेवढ्याच मापाची पितळी जीभ एका टोकाला पक्की बसवलेली असते. हवा आली की ती जीभ फटीच्या कडांना न शिवता आतबाहेर हलते आणि सूर निघतो. केसाएवढा मळ अडकला तरी ती गप्प होते. आबांनी तिच्याखाली पातळ पत्र्याचा तुकडा सरकवला, मळ काढला आणि पात्याच्या टोकाने अगदी हलके खरवडले. जिभेच्या टोकापाशी खरवडले की सूर चढतो, मुळापाशी खरवडले की उतरतो. एकदा खरवडून ते रीड ओठांपाशी नेत, फुंकर घालत, ऐकत, पुन्हा खरवडत. दहा-बारा वेळा असे झाल्यावर रीड जागेवर बसली. मग त्यांचे लक्ष त्या सुराच्या, बोटाने दाबायच्या पट्टीकडे गेले.

"ह्या पट्टयेची कड झिजली हा," ते म्हणाले. "बापूस तुझो हयसर खूप थांबायचो काय गो?"

मी म्हटले, "तुम्हाला ठाऊक असेलच की आबा. तीस वर्षे पेटी तुमच्याचकडे येत होती."

आबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला. "मी काय सांगतलंय बाय? तेका वाजवताना मी खय आयकलंय? माका पखवाजाच्यो दोन थापा आयकाक गावतत, नि पेटयेचे सात सूर. तेच्या फुडचा सगळा तुमका."

त्या रात्री घरी येताना पेटी मांडीवर होती आणि मला राहून राहून एकच गोष्ट आठवत होती: बाबा खरोखरच त्या धैवतावर थांबत असत. अभंगाचा अंतरा संपवून धृपदावर यायच्या आधी ते तिथे टेकायचे, बुवांना श्वास घेऊ द्यायचे, आणि मग खाली उतरायचे. ते थांबणे पट्टीच्या झिजलेल्या कडेवर वाचणारा एकमेव माणूस ते कधी ऐकू शकला नव्हता.

मार्गशीर्षात आबांनी स्वतःच विषय काढला. माघातला एक रविवार दुकान विक्रीला बंद ठेवायचे आणि मागच्या खळ्यात माटव घालून, ज्यांनी ज्यांनी दुकानातून वाद्य नेले किंवा दुरुस्त करून घेतले त्यांनी येऊन ते वाजवायचे. सकाळपासून रात्रीपर्यंत. बिदागी नाही, तिकीट नाही. दुपारचे जेवण आबांकडे. शिमग्याच्या कामाला अजून अवकाश होता आणि हवा कोरडी होती, म्हणून माघ. मी शाळेत शिकवते, त्यामुळे निरोपांचे आणि वह्यांचे काम माझ्याकडे आले.

दोन गोष्टींवरून लगेच वाद झाले. पहिला माईकचा. आबांनी सांगितले की माईक नाही. मंडपवाला फुकट लावायला तयार होता, पंचायतीतले लोक म्हणाले की मागे बसलेल्याला काय ऐकू येणार, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आबांचे उत्तर एकच होते: "माईक लावलास तर माका भोंगो आयकाक येतलो, पुडी नाय." हा हट्ट मला त्या वेळी थोडा अडचणीचा वाटला आणि आज पूर्ण योग्य वाटतो. आमच्याकडे आता दहा माणसांच्या ओटीवरच्या भजनालाही दोन भोंगे लागतात. कर्ण्यातून आलेला पखवाज मोठा असतो, पण तो कुठल्याही पखवाजासारखा असतो. फणसाचे खोड आणि खैराचे खोड यांतला फरक त्यात उरत नाही.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक होता: आधी कोण आणि शेवटी कोण? गावात मानपान हा साधा विषय नाही. शेवटी गाणाऱ्या बुवांचा मान मोठा, आरंभ करणाऱ्याचा निराळा, दुपारच्या उन्हात कोणालाच नको. मी तीन वेळा यादी केली आणि तीन वेळा कोणीतरी दुखावले. चौथ्यांदा आबांनी वही माझ्याकडून घेतली, प्रत्येकाला 'तुझी पट्टी खयची?' असे, म्हणजे पेटीवरच्या कुठल्या पट्टीला तुझा सा असे, विचारले, आणि यादी सुराप्रमाणे, खालून वर लावली. काळी एकमध्ये गाणारा सकाळी, पांढरी चारवाला दुपारी, काळी चारचे बुवा रात्री. कारण त्यांनी दिले ते कारागिराचे होते. पखवाज गट्टे ठोकून एका दिशेने चढवत नेला तर पुडी ते सोसते. वर चढवा, खाली उतरवा, पुन्हा चढवा असे दिवसभर केले तर ती दगा देते. एक पखवाज दोन-तीन सुरांपलीकडे ताणू नये, म्हणून त्यांनी तीन पखवाज तयार ठेवले होते, पण क्रम चढाचाच. "ह्यात मान माणसाचो नाय, सुराचो," ते म्हणाले, आणि त्यावर कोणालाच काही बोलता आले नाही.

त्या रविवारी सकाळी दहिवर होते. आंब्याचा मोहर सगळीकडे, माटवाच्या झावळ्यांतून ऊन जमिनीवर ठिपके पाडत होते. आबा पहिल्या रांगेत, एका कडेला, पाठीला खांब घेऊन बसले. धुतलेले धोतर, पांढरा सदरा, आणि खिशातून वर आलेला हातोडीचा दांडा. ती हातोडी दिवसभर त्यांनी खिशातच ठेवली.

सकाळच्या पहिल्या दोन तासांबद्दल फार लिहीत नाही. माझ्या शाळेतली मुले पेटीवर भूप आणि दुर्गा वाजवून गेली, चुकली, पुन्हा लागली. दोघा शेतकरी भावांनी काळी एकमध्ये अभंग म्हटले. लोक अजून येत होते, चपलांचे आवाज येत होते, माईक नाही म्हणून मागे कुजबुज होती. खरे ऐकणे सुरू झाले ते व्हायोलिनपासून.

चर्चच्या गायनवृंदात चाळीस वर्षे व्हायोलिन वाजवणारे एक वयस्क गृहस्थ आले होते. गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी मुलांना व्हायोलिन आणि स्वरलेखन शिकवण्याची परंपरा कित्येक शतके चालवली, आणि ती तेरेखोलच्या खाडीच्या आमच्या बाजूलाही झिरपली; यांचे आजोबा तिथूनच शिकून आले होते. ते आबांकडून तारा नेतात, आणि भजनाला पेटी वाजवणारे आमचे एक काका आबांकडूनच भाता बदलून घेतात. दोघे दुकानात कित्येकदा शेजारी उभे राहिले असतील. एकमेकांचे वाद्य त्यांनी कधी ऐकले नव्हते. आता एकत्र वाजवायचे ठरले तर सूर जुळेना. पेटी जरा चढी होती आणि पेटीचा सूर हलत नाही. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे, पेटीला येत नाही, श्रुतींचे बारकावे तिला दाखवता येत नाहीत, म्हणून तर आकाशवाणीने 1940 मध्ये तिला दूर केले आणि पुढची तीस वर्षे ते दार बहुतांशी बंदच राहिले. त्याच तीस वर्षांत कोकणातल्या एकाही ओटीवरून पेटी उठली नाही, आणि शेजारच्या गोव्यातल्या बोरी गावात जन्मलेल्या पंडित तुळशीदास बोरकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली ती पेटीसाठीच. तर, हलायचे होते व्हायोलिनलाच. त्या गृहस्थांनी रागावण्याचे काही कारण नसल्यासारखे चारही खुंट्या थोड्या थोड्या पिळल्या, डोळे मिटून पेटीचा षड्ज ऐकला, पुन्हा पिळल्या. चांगली पाच मिनिटे हे चालले आणि खळ्यातली कुजबुज आपोआप थांबली, कारण दोन सूर एकमेकांपाशी येताना जी लाट उठते, ती मंदावत मंदावत नाहीशी होणे हे ऐकण्यासारखेच असते. लाट थांबली तेव्हा आबांनी मान हलवली. त्यानंतर त्या दोघांनी विठ्ठलाचा एक अभंग वाजवला, शब्दांवाचून. व्हायोलिन पेटीच्या पट्ट्यांमधल्या रिकाम्या जागांतून फिरत होते.

महिलांच्या फुगडीचा विषय वेगळा होता. निरोप द्यायला गेले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या की आम्ही तर त्या दुकानातून कधी काही घेतलेच नाही. हे खरेच आहे. फुगडीला लागणारे काहीच दुकानात मिळत नाही. पाय, टाळ्या, श्वास आणि पाठ असलेली गाणी, एवढेच. आबांनी तरी त्यांना बोलावले. ताल धरणारी बाई मध्ये उभी राहून तोंडाने 'पक पक' असा जो घोष काढत होती, तो ऐकताना मी आबांकडे पाहिले. त्यांचा उजवा हात मांडीवर तोच बोल वाजवत होता. फुगडीनंतरच्या गाण्यांना मी बाबांची पेटी वाजवली. मंद्रातला धैवत आला तेव्हा मी थांबले. मुद्दाम ठरवले नव्हते; पट्टीच्या झिजलेल्या कडेवर बोट टेकले आणि ते उचलेना. खांबापाशी बसलेल्या आबांनी वर पाहिले, आणि मग पुन्हा खाली पाहिले.

दुपारी वडे आणि काळ्या वाटाण्याचे सांबारे झाले, सोलकढी झाली. त्यानंतरचा वेळ बेंजोवाल्या मुलांचा होता, आणि इथे माईक नसण्याचा नियम अडला. आमच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत जे बेंजो वाजते ते मुळात जपानी वाद्य. 1912 मध्ये नागोया शहरात टंकलेखनयंत्रासारख्या कळा बसवून केलेले तैशोगोतो आपल्याकडे बुलबुलतरंग झाले आणि त्याला वीज जोडून मुंबई-कोकणचे बेंजो झाले. विजेवाचून त्याचा आवाज डब्यात सुया हलवल्याइतका. ही मुले मिरवणुकीत सबंध रस्ता हलवतात, आणि खळ्यात त्यांचे सूर तिसऱ्या रांगेपर्यंतही पोचेनात. मुलांचे चेहरे उतरले. आबा उठले, दुकानात गेले आणि विक्रीचा एक लहान अँप्लिफायर घेऊन आले, स्वतः वायर जोडली. काहींनी नियमाची आठवण करून दिली, त्यावर ते म्हणाले की या वाद्याचा गळाच तो आहे, तो कापून कसे चालेल. मुलांनी आवाज फार वाढवला नाही. मिरवणुकीत कधीच न ऐकू येणारी एक गोष्ट मला तेव्हा कळली, की डाव्या हाताने कळ दाबताना तो मुलगा प्रत्येक सुरावर बोट किंचित थरथरवतो.

दशावतारातली मंडळी आली ती आदल्या रात्री एका जत्रेत पहाटेपर्यंत नाटक करून. तीन तास झोप झालेली, कपाळावर आणि कानांमागे रंग राहिलेला. त्यांच्या रंगभूमीला एक बाकडे पुरते, आणि लिहिलेली संहिता नसते. कथा ठरते, पात्रे वाटली जातात आणि संवाद तिथेच उभा राहतो. पेटी, मृदंग आणि झांज हे तिघे बाजूला बसून नटाच्या तोंडाकडे पाहत राहतात, कारण पुढचे वाक्य कुठे संपणार हे कोणालाच ठाऊक नसते. बाकड्यावर उभ्या राहिलेल्या नटाने रंग, मुकुट काहीही नसताना राजाचे भाषण सुरू केले आणि मध्येच एका शब्दावर आवाज उंचावला, त्याच क्षणी मृदंगावर थाप पडली. इशारा झाला नव्हता. ही थाप आबांच्या पडवीत पडणाऱ्या थापेहून वेगळी होती, कारण तिच्यामागे एका माणसाचे वाक्य होते.

अंधार पडला तेव्हा कंदील आणि दोन पिवळे दिवे लागले. दहिवर उतरू लागले, म्हणजे चामडे पुन्हा ओलावा धरणार. आबांनी हे आधीच हिशेबात घेऊन तिसरा पखवाज काळी चारच्या केसभर वर चढवून ठेवला होता. शेजारच्या दोन गावांचे दोन बुवा समोरासमोर बसले. डबलबारी म्हटली की आमच्याकडे लोक सामना बघायला येतात, कोण कोणाला गाठतो ते पाहायला. त्या रात्री पखवाज एकच होता, वाजवणारा एकच होता, आणि तो दोन्ही बुवांना साथ करणार होता, त्यामुळे चुरस निघून गेली असे मला वाटले होते. तसे झाले नाही; चुरस सुरांत उतरली. नमन झाले, रूपाचे अभंग झाले, गौळण झाली. पखवाजियाने मधून मधून डाव्या तोंडाची कणीक ओल्या बोटाने सारखी केली. पहिल्या बुवांनी गजर उचलला, दुसऱ्यांनी तो त्यांच्याकडून घेतला, झांजा वाढल्या, आणि मागच्या रांगांतले लोक नकळत पुढे सरकत सरकत खळ्याच्या मध्यापर्यंत आले. सबंध माटव एका लयीत टाळ्या वाजवत होता. मी आबांकडे पाहिले. ते टाळ्या वाजवत नव्हते. त्यांनी मान कलती केली होती, अगदी फळीवर टेकलेल्या गिऱ्हाइकासारखी, आणि कपाळावर आठी होती. मला वाटले त्यांना त्रास होतो आहे. मी जवळ गेले तर त्यांनी हाताने थांब म्हटले आणि गजर संपेपर्यंत तसेच बसून राहिले.

लोक पांगल्यावर, माटवात रिकाम्या चटया उरल्यावर ते बोलले. "माझी शाय जाड पडता गो. पयल्या अर्ध्या तासात ता कळनाच नाय."

शाई म्हणजे लोखंडाचा बारीक कीस आणि भाताची खळ यांचा काळा लेप. तो एकदम चढवत नाहीत. पातळ थर द्यायचा, सुकू द्यायचा, दगडाने घोटायचा, पुन्हा थर. घोटताना शाईला केसासारख्या बारीक भेगांची जाळी पडते आणि त्या भेगांमुळेच ती चामड्याबरोबर लवते. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे नाद एकमेकांशी जुळत नाहीत, पण आपल्या पखवाज-तबल्याच्या पुडीतून पेटीसारखा निश्चित सूर निघतो, याचे कारण मध्यभागी दिलेले हे वजन आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1920 मध्ये हीच गोष्ट शास्त्रीय निबंधात मांडली. आबांनी रामन यांचा निबंध वाचलेला नाही. त्यांनी ऐकले ते एवढे, की दीड तास वाजून पुडी तापल्यावर आणि वरून दहिवर पडल्यावर थापेचा नाद जिथपर्यंत जायला हवा तिथपर्यंत जात नाही, आधीच मिटतो. पखवाजियाला ते जाणवले होते. तो गजरात हात जास्त उघडा टाकून ते भरून काढत होता. 'तू कधी बोललास कसा नाय?' असे आबांनी त्याला विचारले, तेव्हा तो संकोचाने म्हणाला की दुकानात थाप चांगलीच लागते, मग सांगणार काय?

पुढच्या आठवड्यात वहीचा हिशेब द्यायला मी पडवीत गेले. आबा नवी शाई भरत होते. दगडाचा तोच घर्र घर्र आवाज, मध्ये थांबून फुंकर, पुन्हा घोटणे. दोन थर कमी केल्याचे त्यांनी सांगितले. तेवढ्यात मठ गावाकडचा एक तरुण त्याचा दुरुस्त झालेला पखवाज न्यायला आला. फळीवर टेकला, पखवाज मांडीवर घेतला, एक थाप दिली, नाद विरेपर्यंत थांबला, दुसरी दिली, आणि 'बरो बोलता' म्हणून खिशात हात घातला.

आबा पडवीतून हात पुसत बाहेर आले आणि त्याच्यासमोर पाट ओढून बसले. मला म्हणाले, "बाय, ती पेटी काढ गो." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "पैशे ऱ्हवांदेत. आदी एक अभंग वाजव, सगळो."